साइटवरचं पहिलं वर्ष: नाशिकमध्ये बांधकामाला लागणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी

डिप्लोमा किंवा बी.ई. करून साइटवर येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगते. साइटवर काही बिघडतंय हे सगळ्यात आधी इंजिनिअरला कधीच कळत नाही. स्लॅबखालचा टेकू, म्हणजे प्रॉप, खचतोय हे बिगाऱ्याला दिसतं, पाइपाला खिळा लागला हे टाइल्सवाल्याला कळतं, कॉलम-बीमच्या रिंगा कमी पडल्या हे सळई बांधणाऱ्या फिटरला ठाऊक असतं. त्यांनी त्याच मिनिटाला येऊन तुम्हाला सांगितलं, तर माणूस वाचतो, स्लॅब वाचतो, आणि घर घेणाऱ्याच्या छतातून दुसऱ्या पावसाळ्यात पाणी टपकत नाही. कॉलेजात सुरक्षितता, टीमचं काम आणि ग्राहक अशी तीन वेगळी प्रकरणं असतात. साइटवर तिन्ही या एकाच वाटेनं येतात. ती वाट मोकळी ठेवणं हे तुमचं पहिल्या वर्षाचं मुख्य काम.

सध्या सिंहस्थाच्या तोंडावर शहरात कामांची गर्दी आहे. आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद, पाथर्डी फाटा, जिकडे बघावं तिकडे हिरव्या जाळ्या. अनुभवी माणसं कमी पडतात आणि कालपर्यंत वर्गात बसणाऱ्यांच्या हातात अख्खी बिल्डिंग दिली जाते. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिला आठवडा: चाला आणि लिहा

साइट नऊला सुरू होत असेल तर तुम्ही आठला पोचा. पायात सेफ्टी शूज, डोक्यावर आयएसआय मार्कचं हेल्मेट, आणि हनुवटीचा पट्टा लावलेला. पट्टा न लावलेलं हेल्मेट तुम्ही खाली वाकलात की डोक्यावरून सुटून खालच्या माणसावर पडतं.

पहिले तीन दिवस मुकादमाला बरोबर घेऊन तळापासून गच्चीपर्यंत फिरा. खिशात छोटी वही ठेवा. कुठल्या मजल्यावर कठडा नाही, कुठली डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी) उघडी आहे, कुठली वायर पाण्यात पडली आहे, जिन्यात कुठे सळईची टोकं डोळ्यांच्या उंचीला आली आहेत, सगळं टिपून ठेवा. हे आत्ताच करायचं, कारण नव्या नजरेला जे खटकतं ते महिनाभरात खटकेनासं होतं. माझ्या पहिल्या वहीत अशा एकतीस नोंदी होत्या. तीन महिन्यांनी ती वही उघडली तेव्हा त्यातल्या अकरा जागा तशाच होत्या आणि मी रोज त्यांच्या शेजारून जात होते.

त्याच वहीच्या मागच्या पानावर माणसांची नावं लिहा. नाशिकच्या साइटवर पेठ-सुरगाण्याकडची माणसं असतात, नंदुरबारची, मराठवाड्यातली, बिहार-बंगालमधली असतात. 'ए बिहारी', 'ए हेल्पर' अशी हाक मारू नका, नावानं बोलवा. वयानं मोठी बाई असेल तर मावशी म्हणा. ज्याला तुम्ही नावानं ओळखत नाही, तो तुम्हाला काही सांगायला येत नाही.

सकाळची दहा मिनिटं

काम सुरू होण्याआधी सगळ्यांना एकत्र उभं करून दहा मिनिटं बोलायचं. याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्याचं पाढे म्हणणं होतं: हेल्मेट घाला, बेल्ट लावा, चला कामाला. तसं नको. आजचं काम कोणतं, कोणत्या मजल्यावर, त्यात काय होऊ शकतं, एवढंच बोला. 'आज चौथ्या मजल्यावर बाहेरचं प्लास्टर आहे, म्हणून पूर्वेच्या बाजूनं खालून कुणी जायचं नाही. रामदास तिथे दोरी बांधेल.' असं बोललं की ते कानात राहतं.

'कळलं का?' असं विचारू नका. उत्तर कायम 'हो मॅडम', 'हो साहेब' असंच येतं. त्याऐवजी एकाला विचारा, 'आज कुठून जायचं नाही?' आणि शेवटी रोज न चुकता विचारा, 'काल काही वेडंवाकडं दिसलं का कुणाला?' पहिला आठवडा कुणी तोंड उघडणार नाही. दुसऱ्या आठवड्यात एखादा काहीतरी सांगेल. तो जे सांगेल ते त्याच दिवशी, त्याच्या डोळ्यांदेखत दुरुस्त करून घ्या, मग ते कितीही छोटं असो.

भोकं, उंची, वीज

बांधकामावरचे जीवघेणे अपघात सगळ्यात जास्त पडून होतात, आणि पडायला विसावा मजला लागत नाही. दोन मीटरच्या वर काम असेल तर फुल बॉडी हार्नेस (खांद्यांना आणि मांड्यांना बांधायचा पट्टा) हवाच, तोही दोन दोऱ्यांचा, म्हणजे एक हूक काढून पुढे लावेपर्यंत दुसरा लागलेला असतो. हूक डोक्याच्या वर, पक्क्या ठिकाणी अडकवायचा. परांचीच्या सैल बांबूला अडकवलेला हूक म्हणजे नुसती समजूत. हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाला लगेच खाली उतरवावं लागतं, कारण मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्त अडतं. ते कसं उतरवणार हे आधीच ठरवून ठेवा.

स्लॅबमधल्या भोकांबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचं आहे. डक्टवर, लिफ्टच्या जागेवर, ड्रेनेजच्या मोकळ्या चौकोनावर कुणीतरी प्लायवूडचा तुकडा टाकून ठेवतो आणि भोक झाकलं असं सगळे समजतात. आता डोळ्यांसमोर आणा. एका बिगाऱ्याला दुसरीकडे प्लाय हवा आहे. त्याला हा तुकडा पडलेला दिसतो. तो दोन्ही हातांनी उचलून छातीसमोर आडवा धरतो, आणि एक पाऊल पुढे टाकतो. प्लाय समोर असल्यामुळे पायाखालचं त्याला दिसतच नाही. ज्या झाकणानं वाचवायचं, त्यानंच तो खाली जातो. म्हणून झाकण खिळ्यांनी किंवा बोल्टनं पक्कं करायचं, त्यावर लाल रंगात 'खाली खड्डा, उचलू नका' असं मराठीत आणि हिंदीत लिहायचं. सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून फुलीही काढायची. मोठ्या डक्टमध्ये स्लॅबची सळई तशीच जाळीसारखी चालू ठेवून घ्या, पाइप टाकायच्या वेळी कापता येते. लिफ्टच्या दाराला छातीपर्यंत पक्कं गेट हवं; एक आडवी दोरी पुरत नाही.

विजेचं थोडक्यात. साइटच्या बोर्डाला 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की ती तोडणारा स्विच) हवा आणि त्याचं टेस्टचं बटण दाबून बघायची सवय लावा. नुसत्या वायरची टोकं सॉकेटात खुपसून मशीन चालवू देऊ नका. आणि गेटमधून आत येण्याआधी वर बघा. नव्या लेआउटमध्ये महावितरणच्या तारा प्लॉटला लागूनच जातात. सळई 12 मीटर लांब असते. चार माणसं ती आडवी नेत असतात तोवर ठीक, पण वळण घेताना एकानं टोक वर केलं की ते तारेपर्यंत पोचतं.

वायर-पाइपसाठी भिंतीत झिरी मारताना आणि टाइल्स कापताना उडणारी धूळ कुणी मनावर घेत नाही, कारण ती त्या दिवशी काहीच करत नाही. दगड-सिमेंटच्या त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते आणि बऱ्याच वर्षांनी दम काढते. कापताना पाणी मारायला लावा, चांगला मास्क द्या, तोंडाला रुमाल चालणार नाही.

आपली माती

नाशिकमध्ये वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून फुटिंग (कॉलमचा पाया) मुरुमावर किंवा पाषाणावर बसलं आहे याची स्वतः खड्ड्यात उतरून खात्री करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पीसीसी (तळाचं बिनसळईचं काँक्रीट) टाकू नका. पण उतरण्याआधी खड्ड्याच्या कडा बघा. दीड मीटरपेक्षा खोल खड्डा असेल तर बाजू उतरत्या हव्यात किंवा फळ्यांचा आधार हवा, आत शिडी हवी. खोदलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब टाकायची, डंपर त्याहूनही लांब. जुलैत पाऊस उघडला की मुकादम म्हणतो, 'आता ऊन पडलं, उतरा.' काळ्या मातीचा काठ पाऊस थांबल्यावरही ढासळतो. गावठाणात जुन्या वाड्याच्या भिंतीला लागून खोदायचं असेल तर शेजारच्यांशी बोलून, भिंतीचे फोटो काढून, टप्प्याटप्प्यानं खोदा.

स्लॅबचा दिवस

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी सेंट्रिंगवाला (स्लॅबचा साचा आणि टेकू उभे करणारा), फिटर, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर या चौघांना एकाच वेळी स्लॅबवर बोलवा. वेगवेगळं बोलावलं की इलेक्ट्रिशियन बॉक्स बसवायला सळई सरकवतो आणि फिटरला ते माहीत नसतं. प्लंबर स्लीव्ह (पाइप जायला काँक्रीटमध्ये ठेवायची नळी) टाकायला विसरतो आणि पंधरा दिवसांनी बीममध्ये ब्रेकर लावायला निघतो. चौघं एकत्र चालले की एकमेकांच्या चुका तेच सांगतात. ड्रॉइंगची एकच प्रत साइटवर ठेवा, नवी रिव्हिजन आली की जुनी फाडून टाका. सळई साच्यापासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक बघा. स्लॅबला साधारण 20, कॉलमला 40, फुटिंगला 50 मिलिमीटर, पण ड्रॉइंगवर काय आहे ते अखेरचं. खडीचा तुकडा कव्हर ब्लॉक म्हणून चालत नाही. चौघांची पोअर कार्डवर (काँक्रीट टाकायच्या परवानगीच्या कागदावर) सही झाली की मगच काँक्रीटची ऑर्डर पक्की करा.

काँक्रीट पडायला लागलं की एक आरोळी हमखास येते: 'पाणी वाढव!' पातळ काँक्रीट पसरायला सोपं, हात कमी दुखतात. पण 50 किलोच्या एका पोत्यामागे 25 लिटर पाणी म्हणजे पाणी-सिमेंटचं प्रमाण 0.5, त्यात आणखी पाच लिटर ओतलं की ते 0.6 होतं आणि ताकद घसरते. मिस्त्रीवर ओरडून हे सुटत नाही, कारण त्याची तक्रार खरी असते. तयार काँक्रीट देणाऱ्या आरएमसीला ऑर्डर देतानाच पंपाला आणि दाट सळईला चालेल असा स्लंप (काँक्रीटचा सैलपणा) सांगा, प्लांटवाले ॲडमिक्श्चर नावाच्या रसायनानं तो देतात. ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, 150 मिलिमीटरचे, स्वतःच्या समोर भरून घ्या. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस 456 प्रमाणे, 16 ते 30 घनमीटरला 3 नमुने, 31 ते 50 ला 4, आणि 28 दिवसांच्या चाचणीसाठी एका नमुन्यात 3 क्यूब.

आता माझ्या साइटवरच्या शिट्टीबद्दल. माझं दुसरं वर्ष होतं. पार्किंगच्या वरचा स्लॅब, खाली भरावाची माती. रात्री क्युरिंगचा (काँक्रीटला पाणी मारायचा) पाइप कुठेतरी निसटला होता आणि एका कोपऱ्यातला भराव भिजला होता. सकाळी सातला पंप सुरू झाला. साडेनऊच्या सुमाराला माझ्या पायाखालचा बीम दीड इंच खाली गेला. आवाज झाला नाही, फक्त सपाट केलेल्या काँक्रीटमध्ये एक वाटीसारखा खोलगट भाग दिसला. पंप थांबवला, सगळ्यांना उतरवलं, कुणाला इजा झाली नाही. खाली जाऊन बघते तर तीन प्रॉपांच्या बुडाच्या पट्ट्या चिखलात रुतलेल्या. तिथे सुरगाण्याचा एक विशीतला मुलगा पाणी देत होता. त्यानं ते सकाळी सव्वासातलाच पाहिलं होतं. मी विचारलं, 'मग सांगितलं का नाहीस?' तो म्हणाला, 'मुकादमाला सांगितलं. ते म्हणाले, आता पंप चालू झाला, गप बस. तुमच्याकडं वर कसा येणार, मॅडम?'

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक स्लॅबला खाली एक माणूस असतो. तो सेंट्रिंगच्या खाली उभा राहत नाही, कडेला बाहेर राहून प्रॉप, पट्ट्या, पाचरी बघतो. त्याच्या गळ्यात शिट्टी असते. शिट्टी वाजली की पंप थांबतो. मालक वर उभे असले तरी थांबतो, आणि खोटी निघाली तरी त्याला कुणी बोलायचं नाही. हे काम मी मुद्दाम सगळ्यात कमी रोजाच्या माणसाला देते. तुमच्या साइटवर कुणी परवानगी दिली नाही तरी शिट्टी वीस-पंचवीस रुपयांना मिळते, स्वतः विकत घ्या. आणि भरावावर प्रॉप उभे करायची वेळ आली तर खाली पीसीसी किंवा जाड फळ्या घेतल्याशिवाय करू नका. विटेवर तर कधीच नाही.

सेंट्रिंग खोलण्याची घाई

सेंट्रिंगवाल्याला पुढच्या स्लॅबसाठी प्लेटा हव्या असतात, म्हणून तो तुमच्या मागे लागेल. आयएस 456 सांगतं: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप 7 दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे 14, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे 14, त्याहून मोठ्यांचे 21 दिवस. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, त्यापुढची अट मात्र कुणी वाचत नाही. ते साध्या ओपीसी सिमेंटसाठी आहेत आणि तापमान 15 अंशांखाली जात नसेल तेव्हाचे. आपण बहुतेक ठिकाणी पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरतो, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकची रात्र 10 अंशांच्याही खाली उतरते. गारठ्यात काँक्रीट हळू पिकतं. हिवाळ्यातल्या स्लॅबला क्यूबचे आकडे बघून, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून जास्त दिवस थांबा. पीपीसीला पाणीही 10 दिवस मारायचं, आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात गोणपाट ओलं राहिलं आहे का हे दुपारी तीनला जाऊन बघा. सकाळी सगळंच ओलं दिसतं.

माणसं

हजेरीची वही रोज संध्याकाळी बंद करा आणि ज्याची त्याला दाखवा. आठवड्याची खर्ची ठरलेल्या दिवशी मिळाली पाहिजे. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बाजार असतो. गुरुवारी हातात आलेल्या पैशांचा त्या घराला उपयोग नाही. हे तुमच्या हातात नाही, ठेकेदाराच्या आहे, हे खरं. पण उशीर झाला की विचारणारा कुणीतरी लागतो.

बायांसाठी दार आणि कडी असलेलं, पाणी असलेलं शौचालय पहिल्या दिवसापासून मागा. ते नसलं की बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि मे महिन्यात डोक्यावर घमेलं घेऊन चौथ्या मजल्यावर चक्कर येते. लहान मुलं साइटवर असतील तर त्यांच्यासाठी गेटजवळ सावलीची, कुंपण घातलेली जागा काढा.

इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात 18 ते 60 वयाच्या कामगारांची नोंदणी होते. गेल्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. कागद गोळा करायला अर्धा तास बसून मदत करा. दलाल त्याच कागदांचे पैसे घेतात.

अपघात झालाच तर आधी स्वतः सुरक्षित आहात का बघा. विजेचा धक्का असेल तर मेन बंद केल्याशिवाय हात लावू नका. उंचावरून पडलेल्याला उचलून रिक्षात कोंबू नका, मान आणि पाठ हलू न देता 108 ला फोन करा. डोळ्यात सिमेंट गेलं तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं धूत राहा. साइटचा पत्ता जवळच्या खुणेसकट गेटवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. नव्या लेआउटमध्ये रुग्णवाहिका गल्ल्या शोधत बसते.

घर घेणारा माणूस

निफाड-दिंडोरीकडचं एखादं कुटुंब मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर घेतं, तेव्हा कधी दोन हंगामांची द्राक्षं त्या घरात गेलेली असतात. रविवारी ते सगळे साइट बघायला येतात. आजी असते, कडेवर मूल असतं. गेटवरच हेल्मेट द्या, ठरलेल्या वाटेनं स्वतः फिरवा, मुलाचा हात कुणाच्या तरी हातात आहे हे बघा. त्यांना काय हवं ते ऐका: देवघर कुठे, धुणं कुठे, माठ कुठे ठेवायचा, कुरडया वाळवायला गच्ची मिळेल का. यातल्या निम्म्या गोष्टी प्लास्टरआधी सांगितल्या तर फुकटात होतात.

पण तोंडी कबूल करू नका. 'भिंत इथून काढून देतो' असं सेल्सवाला म्हणेल. बदल लेखी, आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर, आणि कॉलम-बीमला हात लावणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनं. ताबा कधी मिळणार असं विचारलं तर ऑफिसनं महारेरावर दिलेली तारीख सांगा, मनाची नको. काम मागे पडलं असेल तर तेही सांगा. शिव्या एकदाच बसतात.

रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामाच्या किंवा कामाच्या दर्जाच्या दोषाची तक्रार आली, तर बिल्डरला तो 30 दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करावा लागतो. तक्रारी कशाच्या येतात हे मी अनेक वर्षं बघते आहे: बाथरूमची गळती, खिडकीखालून झिरपणारं पाणी, उतार नसलेली फरशी. बाथरूमच्या सनकन (आजूबाजूपेक्षा खाली घेतलेल्या) स्लॅबला वॉटरप्रूफिंग झालं की निदान 48 तास पाणी भरून ठेवा, पातळीची रेघ मारून तारीख टाका आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत हातानं चाचपा. नुसतं बघून ओल कळत नाही. मग प्लंबर आणि टाइल्सवाला यांना एकत्र बोलावून पाइप कुठून गेलाय ते एकानं दुसऱ्याला दाखवायला सांगा. आणि इथेही शिट्टीचाच नियम, सांगायला येणाऱ्याला बोलायचं नाही: 'माझा खिळा पाइपाला लागला' असं टाइल्सवाला येऊन म्हणाला तर त्याच्या बिलातून कापू नका. एकदा कापलंत की पुढचा खिळा तो पुटी भरून झाकेल, आणि ते पाणी तीन वर्षांनी खालच्या बिऱ्हाडाच्या छतात दिसेल.

शेवटचं काम प्लास्टरच्या आधी करायचं असतं. प्रत्येक खोलीच्या प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, भिंतीला मेजर टेप लावून, म्हणजे पाइप आणि वायर कडेपासून किती अंतरावर आहे ते दिसेल. फ्लॅटचा नंबर खडूनं भिंतीवर लिहा. एका फ्लॅटला वीस मिनिटं लागतात. ताबा देताना किल्लीबरोबर ते फोटो द्या.

इंदिरानगरच्या एका ताईंचा मला ताबा दिल्यानंतर चार वर्षांनी फोन आला. देव्हाऱ्याची फळी लावायची होती, ड्रिलवाला दारात उभा होता. म्हटलं, स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीचा फोटो उघडा. टेप वाचून त्या म्हणाल्या, डाव्या कडेपासून साठ सेंटिमीटरवर पाइप दिसतोय. त्यांनी नव्वदवर छिद्र पाडलं.